पॉवर स्टिअरिंगचें जुनें तेल

वाचक शेतकरी बंधूंस आठवत असेलच कीं, वाडवडिलांच्या काळीं बैलगाडी अंगणांतून बाहेर काढण्यापूर्वी तिच्या आंसाला वंगण घातल्यावांचून कोणी बैलांच्या मानेवर जूं ठेवीत नसे. वंगणाचें नळकांडें गाडीच्या तळाशीं टांगलेलें असे, व लांबच्या वाटेवर मुक्कामाच्या ठिकाणीं तें प्रथम सोडलें जाई. चाक करकरूं लागलें म्हणजे वाटेवरचे लोक हंसत आणि घरीं परतल्यावर वडील माणूस गाडीवानाची कानउघाडणी करी. वंगण काळें पडून त्यांत धूळ बसली कीं तें पुसून काढावें व मग नवें भरावें, अशी रीत होती. जुन्या घाणीवरच नवें वंगण थापणारा गाडीवान आळशी समजला जाई.

आतां बैलांची जागा यंत्रानें घेतली आहे. भात गिरणीस न्यावयाचें असो, भाजीच्या पाट्या बोईसर स्थानकावर पोंचवावयाच्या असोत, गवताचे भारे वाहावयाचे असोत, किंवा रात्रीं मुंबईच्या बाजाराची वाट धरावयाची असो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या दारीं पिकअप, जीप अथवा ट्रॅक्टर उभा असतो. इंजिनाचें तेल वेळच्या वेळीं बदललें पाहिजे, हें आतां लहान मुलासहि ठाऊक झालें आहे. परंतु त्याच इंजिनाच्या शेजारीं एका लहानशा डबींत आणखी एक तेल असतें, ज्याच्या आधारें भरलेल्या गाडीचें चाक माणसाच्या दोन बोटांनीं वळतें. त्या तेलाकडे आपण वर्षानुवर्षें ढुंकूनहि पाहात नाहीं. ह्या तेलाची, म्हणजे पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची, हयगय ही आपल्या वर्गाची एक महाग पडणारी खोड झाली असून ती मोडली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हें मत नुसत्या वाचनानें बनलेलें नाहीं. गेल्या आश्विनांत प्रस्तुत लेखकाची पिकअप गाडी भाजीच्या पाट्यांनीं भरून पहांटे मुरबे गांवाहून बोईसरकडे निघाली. गाडी सहा वर्षें घरीं असलेली व तोंवर विश्वासू. त्यापूर्वी कित्येक दिवस वळण घेतांना ती कण्हल्यासारखा आवाज करीत होती. परंतु इंजिन तापलें कीं आवाज थांबे, म्हणून आम्ही तिकडे दुर्लक्ष केलें. त्या दिवशीं एका अडचणीच्या वळणावर समोरून मालमोटार आली. गाडी आमचा पुतण्या चालवीत होता. त्यानें चाक डावीकडे फिरविलें, तों तें एकाएकीं दगडासारखें जड झालें. अंगांत बळ होतें म्हणून दोन्ही हातांनीं त्यानें तें कसेंबसें ओढलें, आणि गाडीचीं दोन चाकें कडेच्या खाचरांत उतरून ती थांबली. कोणास इजा झाली नाहीं. भाजी मात्र चिखलांत गेली. 'काका, गाडी वळतच नव्हती,' एवढेंच तो म्हणाला, आणि पुष्कळ वेळ त्याचे हात कांपत होते.

गॅरेजमध्यें डबीचें झांकण उघडलें तेव्हां आंतील तेल, जें लाल असावयाचें, तें काजळासारखें काळें निघालें. त्यास करपल्याचा वास येत होता व वर फेंस होता. पंप उघडल्यावर आंतील पातीं झिजलेलीं व तेलांत धातूचा चकाकणारा चुरा मिसळलेला आढळला. मिस्त्रीनें विचारलें, 'दादा, हें तेल शेवटचें केव्हां बदललें?' ह्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. कमी झालें म्हणजे कोणीतरी वरून ओतलें होतें. काय ओतलें, हेंहि कोणास सांगतां येईना. दोष गाडीचा नव्हता, पुतण्याचा नव्हता आणि गॅरेजचाहि नव्हता. मालक या नात्यानें तो आमचा होता, आणि तो कबूल करूनच हा लेख लिहीत आहों.

आतां ही व्यवस्था चालते कशी, हें थोडक्यांत पाहूं. अमेरिकेंतील फ्रान्सिस डेव्हिस नांवाच्या अभियंत्यानें तेलाच्या दाबावर चालणारें स्टिअरिंग १९२६ सालीं मोटारींत बसवून दाखविलें. विक्रीच्या मोटारींत तें येण्यास मात्र १९५१ साल उजाडलें. त्या वर्षीं क्रायस्लर कंपनीनें आपल्या इंपीरियल गाडींत तें दिलें. तत्त्व साधें आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो डबींतील तेल ओढून पुढें लोटतो, व जोराचें वळण असेल तेव्हां त्या तेलाचा दाब दर चौरस इंचास हजार पौंडांच्याहि वर जाऊं शकतो. चालकानें चाक ज्या अंगास फिरविलें असेल त्या अंगास झडप तें तेल सोडते, आणि आंतील दट्ट्या पुढच्या चाकांस त्या बाजूस ढकलतो. काम झालेलें तेल परतीच्या नळीनें पुन्हां डबींत येतें. म्हणजे तेंच लिटर-दीड लिटर तेल अहोरात्र फिरत राहतें. त्याच्याकडे चार कामें असतात : जोर पोंचविणें, फिरत्या भागांस वंगण देणें, उष्णता वाहून नेणें आणि रबराचीं सीलें मऊ व घट्ट ठेवणें. ह्या चारांपैकीं एकहि काम चुकलें कीं बाकीचीं तीन त्याच्या मागोमाग बिघडतात.

येथें एक गोष्ट आधींच सांगितली पाहिजे. अलीकडे निघालेल्या कित्येक लहान मोटारींत स्टिअरिंगला विजेची मोटर साह्य करते. त्यांत हें तेल मुळींच नसतें. तेव्हां ज्याच्या गाडीस तेलाची डबीच नाहीं, त्यानें ती शोधीत बसूं नये. परंतु जुन्या जीपा, पिकअप, मालमोटारी आणि बहुतेक पॉवर स्टिअरिंगचे ट्रॅक्टर हे तेलावरच चालतात, आणि शेतकऱ्याच्या घरीं बहुधा हींच वाहनें असतात.

ह्या विषयावर गांवांत बोलणें काढलें कीं तीन आक्षेप ऐकूं येतात. ते रास्त आहेत कीं नाहींत, हें क्रमानें पाहूं.

पहिला आक्षेप असा कीं, तेल संपत नाहीं, मग बदलावयाचें कशास? उत्तर असें कीं, तेल संपत नसलें तरी त्याचे गुण संपतात. वारंवार तापल्यानें व हवेशीं संबंध आल्यानें तें काळें व करपट होतें. त्यांत घातलेलीं संरक्षक द्रव्यें हळूहळू खर्ची पडतात. रबर व धातु ह्यांची झीज त्यांतच साठत जाते. इंजिनाच्या तेलास गाळणी असते व ती तेलाबरोबर बदलली जाते. येथें बहुधा डबीच्या तळाशीं असलेल्या बारीक जाळीवांचून दुसरा आडोसा नसतो. त्यामुळें जो चुरा झिजेनें निर्माण झाला, तोच तेलाबरोबर पुन्हां पंपांत शिरतो व कांचकागदासारखा नवी झीज करतो. ज्या विहिरीचा गाळ कधीं काढला नाहीं, तिचें पाणी आटलें नसलें तरी तें पिण्याजोगें राहात नाहीं. तसाच हा प्रकार आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, कंपनीच्या पुस्तकांत ह्या तेलाची मुदत दिलेली नसते. कित्येक गाड्यांच्या बाबतींत हें खरें आहे, आणि म्हणूनच हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. परंतु तें पुस्तक सर्वसाधारण वापर मनांत धरून लिहिलेलें असतें. आपला वापर तसा आहे काय? आपली गाडी तिच्या पुऱ्या वजनानें, व कबूल करावयाचें तर पुष्कळदां त्याहूनहि अधिक वजनानें, भरलेली असते. ती चिखलांतून, बांधावरून व अरुंद गल्लींतून वळवावी लागते. जागच्या जागीं उभी ठेवून चाक गरगर फिरविण्याची संवय तर सर्वांनाच आहे, आणि तेलावर त्याइतका ताण दुसऱ्या कशाचाहि पडत नाहीं. सबब जेथें पुस्तकांत मुदत असेल तेथें ती पाळावी, आणि जेथें नसेल तेथें तीन वर्षें किंवा पन्नास हजार किलोमीटर, यांपैकीं जें आधीं येईल त्या वेळीं तेल बदलावें, असें आम्ही सुचवितों. गाडी भारी मालाची असेल तर दोन वर्षांनीं बदललें तरी तें लवकर झालें असें म्हणतां येणार नाहीं.

तिसरा आक्षेप, किंवा खरें म्हणजे तिसरी पळवाट, अशी कीं, कमी झालें म्हणजे वरून ओतलें कीं झालें. हीच समजूत सर्वांत घातक आहे. ही व्यवस्था बंद आहे. इंजिनाप्रमाणें येथें तेल जळून जात नाहीं. पातळी उतरली असेल तर कोठेंतरी गळती आहे, आणि गळती शोधल्यावांचून वरून ओतणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरणें होय. शिवाय तें गळणारें तेल तापलेल्या धुराच्या नळीवर पडलें तर पेट घेऊं शकतें, ही गोष्ट कोणीहि विसरूं नये. वरून ओतण्यांत आणखी एक धोका आहे. हातीं लागेल तें तेल डबींत जातें. कित्येक गाड्यांना गिअरपेटीचें लाल पातळ तेल, ज्यास बाजारांत 'एटीएफ' म्हणतात, तें चालतें. कांहींना कंपनीचें निराळेंच तेल लागतें, आणि ह्या दोहोंचें मिश्रण बरें नव्हे. झांकणावर किंवा पुस्तकांत जें नांव लिहिलें असेल तेंच घालावें. ब्रेकचें तेल तर येथें कधींहि घालूं नये. तें जातीनें निराळें असून ह्या सीलांस फुगवून निकामी करतें. आणि एकदां तें सर्वत्र फिरलें म्हणजे पंपापासून नळ्यांपर्यंत सारें बदलण्याची पाळी येते.

ह्या सामान्य कारणांखेरीज आपल्या किनाऱ्याचें म्हणून एक विशेष कारण आहे. आमचें मुरबे गांव समुद्रकांठचें. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास खाडी, आणि खाडीपलीकडे सातपाटी. केळवें-माहीमच्या पानवेलींच्या वाड्यांपासून डहाणू-घोलवडच्या चिकूच्या बागांपर्यंत साऱ्या पट्टींत हवा खारी आहे. ही हवा लोखंडी नळ्यांस व त्यांच्या चिमट्यांस गंज चढविते. चार महिन्यांचा पाऊस तो गंज खोल नेतो. ज्यांच्या गाड्या बंदरावर मासळी घेण्यास जातात, त्यांच्या तळाशीं तर खारें पाणीच उडतें. गंजलेल्या सांध्यांतून तेल बाहेर येतें व हवा आंत शिरते. सैल झांकणांतून बारीक वाळू व दमट वारा आंत जातो. तेल दुधासारखें पांढुरकें झालें असेल तर त्यांत पाणी गेलें असें समजावें, व फेंस दिसला तर हवा. देशावरच्या एखाद्या शेतकऱ्यास जी हयगय पांच वर्षें पचेल, ती आपणांस तितकी पचणार नाहीं.

ट्रॅक्टरविषयीं चार शब्द वेगळे लिहिले पाहिजेत. मोटारीच्या स्टिअरिंगमध्यें चालकाच्या हातांतील चक्र व पुढचीं चाकें ह्यांच्यामध्यें लोखंडी दांड्यांचा जोड कायम असतो. तेलाचा दाब गेला तरी जोर लावून गाडी वळवितां येते, आणि आमचा पुतण्या बचावला तो ह्याच कारणानें. परंतु पुष्कळशा पॉवर स्टिअरिंगच्या ट्रॅक्टरांत असा जोड नसतो. चक्रापासून चाकांपर्यंत हुकूम जातो तो केवळ तेलाच्या नळ्यांतून. पंप बंद पडला तर चक्र फिरवून हातानेंच तेल ढकलावें लागतें, आणि भरलेली ट्रॉली मागें असतांना तें काम फार अवघड होतें. नळीच फुटली तर तेवढेंहि उरत नाहीं. बांधाच्या कडेनें, ओढ्याच्या उतारावर किंवा चिखलणीच्या वेळीं असें झालें तर परिणाम काय होईल, हें सांगावयास नको. कांहीं ट्रॅक्टरांत स्टिअरिंगच्या तेलाची डबी वेगळी असते, कांहींत तें गिअरपेटीच्या तेलांतूनच घेतलेलें असतें. तेव्हां आपल्या यंत्रांत कोणती रचना आहे, हें पुस्तकांत पाहून ठेवावें, व तेथें तासांच्या हिशेबानें दिलेली मुदत कसोशीनें पाळावी.

तेल बदलण्याची कृति अवघड नाहीं. ती गॅरेजवाल्याकडून करवून घेतली तरी मालकास माहीत असावी, म्हणजे काम अर्धवट झालें तर ओळखतां येईल. प्रथम गाडी सपाट जागीं उभी करून मागच्या चाकांस दगड लावावे, आणि पुढचीं दोन्ही चाकें जॅकवर उचलून खालीं भक्कम घोड्या द्याव्या. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं हात घालूं नये. इंजिन बंद व थंड असावें. डबींतील तेल पिचकारीनें ओढून काढावें व आंतील जाळी, निघत असल्यास, स्वच्छ करावी. मग परतीची नळी डबीपासून सोडवून तिचें टोंक एका मोठ्या बाटलींत घालावें, आणि डबीचें उघडें तोंड बुचानें बंद करावें. आतां डबींत नवें तेल भरून एका माणसानें चक्र सावकाश ह्या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरवावें, व दुसऱ्यानें डबी रिकामी होऊं न देतां तींत तेल घालीत राहावें. डबी कोरडी पडली कीं पंपांत हवा शिरते. सारी खबरदारी काय ती येथेंच घ्यावयाची आहे. बाटलींत पडणारें तेल काळ्याचें तांबडें व तांबड्याचें निर्मळ झालें कीं थांबावें. ह्यास बहुधा दोन लिटर तेल पुरतें.

नंतर नळी पूर्ववत् बसवून, चिमटा आवळून, डबी खुणेपर्यंत भरावी. इंजिन सुरूं करण्यापूर्वी चक्र पंधरा-वीस वेळां ह्या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरवावें, म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांच्या रूपानें वर येईल. मग इंजिन सुरूं करून पुन्हां तसेंच करावें. मात्र चक्र शेवटच्या टोंकास दाबून धरूं नये, कारण तेथें तेल पाहतां पाहतां तापतें व पंपावर जाच होतो. शेवटीं पातळी पाहून सर्व सांधे कोरड्या फडक्यानें पुसावे आणि दुसऱ्या दिवशीं त्यांवर ओल आली आहे काय, तें पाहावें. नुसती डबी रिकामी करून भरणें म्हणजे तेल बदलणें नव्हे. डबींत असतें तें एकंदर तेलाचा एक भाग. बाकीचें काळें तेल नळ्यांत व पंपांत राहतें आणि घटकाभरांत नव्यासहि काळें करतें.

उलट बाजूची एक चूकहि दाखविली पाहिजे, नाहीं तर आमचें सांगणें एकांगी होईल. कित्येक ठिकाणीं हें तेल दर खेपेस बदलण्याचा किंवा त्यांत एखादें धुण्याचें औषध घालण्याचा आग्रह धरला जातो. योग्य जातीचें तेल योग्य मुदतींत बदललें म्हणजे दुसऱ्या औषधाची जरुरी नाहीं, व जें कंपनीनें सांगितलें नाहीं तें सीलांवर काय परिणाम करील, ह्याची हमी कोणी देत नाहीं. तसेंच नवें तेल म्हणजे संजीवनी नव्हे. झिजलेला पंप त्यानें बरा होत नाहीं. तो बदलावाच लागतो. तेल शेंकड्यांत येतें आणि पंप किंवा स्टिअरिंगची पेटी हजारांत जाते, हा हिशेब लक्षांत घेतला म्हणजे खर्च केव्हां करावा, हें कोणासहि कळेल.

आतां अशा गोष्टीकडे वळूं कीं जिच्याविषयीं बोलणें आम्हांस सर्वांत अगत्याचें वाटतें. बाटलींत जमलेलें तें काळें तेल जातें कोठें? आजवरचें खरें उत्तर असें आहे कीं, तें गॅरेजमागच्या गटारांत, वाडीच्या कुंपणाशीं, किंवा ओढ्याच्या कांठीं ओतलें जातें. कोणी वाळवी लागूं नये म्हणून तें खांबांस फांसतात. कोणी डांसांसाठीं डबक्यांत टाकतात. दोन्ही वाटांनीं तें शेवटीं मातींत व पाण्यांतच जातें. आपल्या विहिरी उथळ आहेत, जमीन रेताड आहे, आणि पहिल्या पावसानें सारें धुपून खाडीस मिळतें. ज्या खाडीवर आपल्याच गांवच्या मच्छीमार बांधवांचें पोट आहे, तिच्यांत आपण हें विष सोडतों.

तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यानें आपल्या किनाऱ्याची काय अवस्था झाली, हें येथें कोणास सांगावयाचें कारण नाहीं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनें त्याविरुद्ध २०१६ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, आणि न्यायाधिकरणानें कारखान्यांस जबाबदार धरलें. तो लढा न्याय्य होता. कारखान्यांच्या नळांतून जें वाहतें त्याच्यापुढें आपली बाटली म्हणजे थेंब, हेंहि खरें. परंतु दुसऱ्यास जाब विचारणाऱ्याचा हात स्वच्छ असावा लागतो. शिवाय थेंब एकाचा असला तरी गाड्या एका गांवांत शेंकड्यांनीं आहेत. २०१६ सालच्या घातक कचऱ्याविषयींच्या केंद्रीय नियमांत वापरलेलें तेल घातक कचऱ्यांतच गणलें आहे. २०२३ सालीं त्या नियमांत दुरुस्ती होऊन, असें तेल गोळा होऊन त्याचें शुद्धीकरण व्हावें, ह्याची जबाबदारी तेल बनविणाऱ्यांवर व आयात करणाऱ्यांवर टाकण्यांत आली. ती दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून अमलांत आली. म्हणजे वाट कायद्यानें आंखून दिली आहे; तिच्यावर पाऊल टाकणें आपल्याकडे आहे.

ह्यासाठीं शेतकऱ्यांच्या संस्थांनीं तीन गोष्टी कराव्या, असें आम्ही सुचवितों. पहिली ही कीं, संस्थेच्या गोदामाशीं, पावसापासून आडोशाला, घट्ट झांकणाचें एक पिंप ठेवावें, व सभासदांनीं आपलें सर्व वापरलेलें तेल, इंजिनाचें व स्टिअरिंगचें, त्यांत आणून घालावें. ब्रेकचें तेल व पाणी त्यांत मिसळूं देऊं नये. पिंप भरलें म्हणजे तें नोंदणीकृत शुद्धीकरण करणाऱ्याच्या हवालीं करावें. एकट्या शेतकऱ्याच्या दोन लिटरांसाठीं कोणी येणार नाहीं, पिंपासाठीं येईल. सहकाराचा अर्थ याहून सोपा करून सांगतां येणार नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, प्रत्येक सभासदानें गाडीच्या कागदपत्रांबरोबर एक लहानशी वही ठेवावी. तींत तेल केव्हां बदललें, कोणत्या जातीचें घातलें, आणि त्या वेळीं गाडी किती किलोमीटर किंवा तास चालली होती, एवढेंच लिहावें. बियाण्याचा व खताचा हिशेब आपण ठेवतोंच. त्यांत ह्या तीन ओळी जड नाहींत. मिस्त्रीच्या प्रश्नापुढें आमच्यावर मुकें होण्याची जी वेळ आली, ती दुसऱ्या कोणावर येऊं नये.

तिसरी गोष्ट रीतीची आहे. खंडेनवमीस आपण औतें, अवजारें व गाड्या धुऊन त्यांची पूजा करतों. तो दिवस पाऊस सरण्याच्या व भात कापणीस येण्याच्या संधींत येतो. वर्षाच्या तपासणीस याहून चांगला मुहूर्त नाहीं. झेंडूची माळ चढविण्यापूर्वी बॉनेट उघडून स्टिअरिंगच्या डबीचें झांकण काढावें आणि एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकावा. तो लाल किंवा पिवळसर व निर्मळ असला तर नमस्कार करावा. काळा व करपट असला तर त्याच आठवड्यांत तेल बदलावें. पट्टा ढिला आहे काय, नळ्या घामेजल्या आहेत काय, तेंहि पाहावें. ह्यास पाव तास लागतो. ज्या यंत्राची आपण पूजा करतों, त्याची पाव तास विचारपूस करणें हा त्या पूजेचाच भाग होय.

एक गोष्ट उरली. आपल्या पुष्कळांच्या गाड्या पगारी चालक चालवितात. आवाज प्रथम त्यांस ऐकूं येतो व चक्राचा जडपणा प्रथम त्यांच्या हातांस कळतो. पण 'मालक, गाडी कण्हते आहे,' असें सांगितलें तर 'तुला कामाचा कंटाळा आला,' असें उत्तर मिळेल, ह्या भीतीनें ते गप्प राहतात. हें उत्तर आपण पुष्कळांनीं दिलें आहे. पहांटेच्या काळोखांत, भरल्या गाडींत, मालमोटारींच्या गर्दींतून जो माणूस आपला माल बाजारांत नेतो, त्याचा जीव त्या डबींतील तेलावर असतो. आपला केवळ पैसा असतो. त्यानें तक्रार केली तर त्याच दिवशीं झांकण उघडून पाहावें.

आमची गाडी आतां दुरुस्त होऊन पुन्हां बोईसरच्या रस्त्यावर धांवते आहे. पुतण्याच चालवितो. गाडीच्या खणांत वही आहे, आणि पहिल्या पानावर त्यानें स्वतःच्या हातानें तारीख लिहिली आहे. पंपाचे पैसे गेले, भाजी गेली. त्याचें दुःख आतां वाटत नाहीं. परंतु एवढी एक ओळ लिहिण्यासाठीं सहा वर्षें लागावीं आणि त्याकरितां घरच्या मुलास खाचरांत उतरावें लागावें, ह्याचें वाईट वाटतें. वाचक बंधूंनीं ती ओळ त्यापूर्वीच लिहावी, एवढीच विनंति आहे.